फोनची कणगी

आमच्या घरी एकच मोबाईल आहे. तो बाबांचा. परवा गुरुजींनी त्यावर स्वाध्याय पाठवला, पण काही केल्या उतरेना. ‘जागा शिल्लक नाही’ असे आले. दादाने लगेच फोटो पुसायला घेतले. आई ओरडली, “अरे थांब, त्यात आजी आहे!” आमची आजी मागच्या वर्षी वारली.

फोनची साठवण कणगीसारखी असते. भरली की नवे दाणे मावत नाहीत. ती जीबीत मोजतात. १ जीबी म्हणजे सुमारे १००० एमबी. बाबांचा फोन ३२ जीबीचा आहे, पण त्यातली बरीच जागा फोन चालायलाच लागते.

मग आम्ही नीट निवडून साफसफाई केली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडले. तिथे ५ एमबीहून मोठ्या गोष्टी वेगळ्या दिसतात. लग्नाचा एकच व्हिडिओ चारदा आला होता! तीन पुसले. ‘शुभ सकाळ’ची चित्रेही पुसली. फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले.

तरी जागा होईना. कारण गॅलरीतून पुसलेले फोटो तिच्या कचरापेटीत जातात. आमच्या फोनमध्ये ते तिथे ३० दिवस राहतात. पेटी रिकामी करण्याआधी आईने ती पाहिली. दादाने पुसलेला आजीचा फोटो तिथेच होता! जात्यावर बसून हसणारी आजी. तो परत आणला, मगच पेटी रिकामी केली. स्वाध्याय उतरला.

तर मित्रांनो, कणगी झाडा, पण बियाणे राखून.

— इयत्ता चौथी