फड्या निवडुंगाची बोंडे : ओळख, उपयोग व सावधगिरी

वऱ्हाडात 'बोंड' म्हटले की कपाशीचे बोंडच कोणाच्याही डोळ्यांपुढे येते. परंतु गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीत, जुन्या गढीच्या उतारावर किंवा मुरमाड धुऱ्यावर आणखी एक बोंड पिकत असते, आणि त्याकडे गुराखी मुलांशिवाय कोणाचे फारसे लक्ष जात नाही. हे बोंड म्हणजे फड्या निवडुंगाचे फळ होय. ते खाण्याजोगे आहे. अलीकडे त्याच्या लाल रसाविषयी 'याने रक्त वाढते' असे बोलले जाऊ लागल्यामुळे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस त्याविषयी प्रश्न विचारले जातात. हे फळ खावे काय, कसे खावे आणि त्यापासून किती अपेक्षा करावी, याची माहिती येथे दिली आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या भाषेत 'निवडुंग' हा एकच शब्द दोन सर्वस्वी भिन्न कुळांतील वनस्पतींस लावला जातो, आणि धोका येथेच आहे. कुंपणास लावला जाणारा तिधारी निवडुंग आणि पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा शेर ही झाडे एरंडाच्या कुळातील आहेत. त्यांना छेद दिला की पांढरा चीक वाहतो. तो विषारी असतो. कातडीवर पडल्यास फोड येतात आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. फड्या निवडुंग मात्र खऱ्या निवडुंग कुळातील आहे. त्याचा फडा कापला असता चीक निघत नाही, केवळ पाण्यासारखा बुळबुळीत रस निघतो. कोरड्या हवेत पाणी साठवून ठेवण्याची गरज दोन्ही कुळांस सारखीच पडल्यामुळे त्यांची रूपे एकमेकांसारखी झाली आहेत. रक्ताचे नाते त्यांच्यात नाही.

म्हणून ओळखीचा नियम असा : झाडाचा तुकडा विळ्याने, तोंड बाजूस करून, हात लांब ठेवून कापावा. पांढरा चीक दिसला तर त्या झाडाचे काहीही तोंडात घालू नये. चीक डोळ्यांत गेलाच तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा आणि रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. फळावरूनही फरक कळतो. तिधारीचे फळ वाटाण्याएवढे, तीन कप्प्यांचे व कोरडे असते. फड्याचे बोंड पेरूच्या लहान फळासारखे, गरदार, टोकाशी खोलगट आणि पिकल्यावर गडद किरमिजी होते.

फड्या निवडुंग आपल्याकडील मूळचा नव्हे. निवडुंग कुळ अमेरिका खंडातील असून, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी हे झाड आपल्या देशात कोणी पाहिले नव्हते. मेक्सिको देशाच्या राष्ट्रध्वजावरील गरुड ज्या झाडावर बसलेला दाखविला आहे, ते याच गोत्राचे. तेथे याची फळे बाजारात फळफळावळ म्हणून विकली जातात आणि कोवळ्या फड्यांची भाजी करतात. ती लागवडीची जात मोठ्या फळाची आहे. आपल्या माळावरील जात रानटी, फळाने लहान व काट्याने तिखट. शहरातील दुकानांत हल्ली दिसणारे ड्रॅगन फ्रूट हेही याच कुळातील फळ आहे, हे सांगितले की शेतकऱ्यांस नवल वाटते.

ज्यास आपण पान समजतो तो फडा वस्तुतः खोडाचाच चपटा भाग होय. खरी पाने बारीक असून कोवळ्या फड्यावर थोडे दिवस दिसतात व गळून पडतात. बहुतेक झाडे दिवसा आपली रंध्रे उघडी ठेवतात; हे झाड ती रात्री उघडते, त्यामुळे उन्हात त्याचे पाणी फारच थोडे उडते. मात्र पाणी साचणाऱ्या काळ्या भारी जमिनीत त्याची मुळे सडतात. म्हणूनच पूर्णेच्या काठच्या चोपण रानापेक्षा ते मुरमाच्या टेकाडावर सुखाने वाढते.

कुसळांचा बंदोबस्त

बोंडावर लांब काटे थोडे असतात. परंतु जेथे जेथे ठिपका दिसतो तेथे केसासारख्या बारीक कुसळांचा झुबका असतो. लांब काटा दिसतो म्हणून टाळता येतो. कुसळ दिसत नाही, त्याला उलटे दाते असतात, आणि नुसत्या स्पर्शाने ते कातडीत शिरते. मुलांच्या ओठांस, जिभेस व डोळ्यांस इजा होते ती या कुसळांनी. वारा वाहत असताना बोंडे तोडू नयेत, कारण कुसळे उडतात.

पूर्ण किरमिजी झालेले बोंड चिमट्याने धरून पिळ देऊन काढावे. नंतर चिमट्यातच धरून जाळावर सर्व बाजूंनी फिरवावे, म्हणजे कुसळे जळून जातात. देठाकडील व टोकाकडील खोलगट भागात ती लपून राहतात, म्हणून तेथे थोडा वेळ अधिक धरावे. मग दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल सोलावी. नुसते मातीत घोळून बोंड खाण्याची मुलांची पद्धत पुरेशी नाही. कातडीत कुसळे शिरलीच तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून ओढावी व उरलेली चिमटीने काढावीत. डोळ्यांतील कुसळ घरी काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, डॉक्टरांकडेच जावे.

आतील बिया कठीण असतात. एकदोन बोंडांतील बिया गिळल्याने काही होत नाही, परंतु एका बैठकीत पुष्कळ बोंडे बियांसह खाल्ल्यास त्यांचा गोळा होऊन शौचास अवरोध होतो. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष जपावे. सर्वांत उत्तम म्हणजे गर हाताने कुस्करून दुहेरी कापडातून गाळावा. बिया तर राहतातच, पण चुकून उरलेले कुसळही कापडात अडकते. या रसात साखर व लिंबू घालून सरबत करतात. फार वेळ उकळल्यास त्याचा रंग उतरतो. रस त्याच दिवशी संपवावा.

दुसऱ्या दिवशी लघवीस लालसर रंग येतो. बीट खाल्ल्यावरही पुष्कळांस हाच अनुभव येतो. तो फळातील रंगद्रव्याचा परिणाम असून भिण्याचे कारण नाही.

रक्तवाढीचा समज

या रंगामुळेच रसाचा व रक्ताचा संबंध लोकांनी जोडला असावा. लागवडीच्या जातीच्या 100 ग्रॅम गरात जीवनसत्त्व 'क' सुमारे 14 मिलिग्रॅम असते, हे चांगले आहे; परंतु लोह सुमारे 0.3 मिलिग्रॅमच असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये गर्भवतीस रोज 27 मिलिग्रॅम लोह आवश्यक धरले आहे. निव्वळ असल्या फळातून तेवढे मिळवावयाचे तर रोज नऊ किलो गर खावा लागेल! उलट, उपकेंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड असते. रस पिण्यास सुरुवात केली म्हणून गोळी बंद करणारी गर्भवती स्त्री स्वतःचे व बाळाचे नुकसान करून घेते, हे घरातील सासूबाईंस व पतीसही समजावून सांगावे. जेवणातील लोह अंगी लागण्यास 'क' जीवनसत्त्वाची मदत होते, एवढाच या फळाचा रक्ताशी खरा संबंध आहे. तेच काम लिंबू व आवळाही करतात, तेही काट्यांशिवाय.

फड्यावरील पांढरा कापूस

निवडुंगाच्या फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की कपाशीवरील पिठ्या ढेकूण आला, अशी शंका येणे साहजिक आहे. पुंजका काडीने चिरडून पाहावा. गर्द लाल रंग निघाला तर तो कोचिनील किडा होय. तो निवडुंगावरच जगतो, कपाशीस त्याचे भय नाही. त्यावर औषध फवारून पैसा व्यर्थ घालवू नये.

या किड्याचा इतिहास मनोरंजक आहे. लाल रंगाच्या व्यापारासाठी 1795 मध्ये ब्राझीलमधून तो बंगालमध्ये आणला गेला. रंग मिळाला हलका, कारण आणलेली जात खऱ्या रंगाच्या किड्याची नव्हती. परंतु त्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. पुढे 1926 मध्ये त्याच्याच गोत्रातील दुसरी जात श्रीलंकेतून दक्षिण भारतात मुद्दाम आणून निवडुंगाने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्यात आल्या. कीटकाकडून तणाचा नाश करविण्याचे जगातील आरंभीचे प्रयोग म्हणून त्यांची गणना होते.

हा इतिहास ध्यानी घेता, काटेरी जातीची नवी लागवड करण्याची शिफारस आम्ही करणार नाही. तुटलेला प्रत्येक फडा जमिनीवर पडल्या जागी मूळ धरतो आणि चराई व्यापतो. आहे तो निवडुंग धुऱ्यावर व टेकाडावर राहू द्यावा, त्याची बोंडे जरूर खावीत. वैरणीसाठी निवडुंग हवा असल्यास बिनकाट्याची जात घ्यावी. तिच्या फड्यात बहुतांश पाणी व प्रथिने अल्प असल्याने ते एकटे घालू नयेत. तुकडे करून सोयाबीन अथवा तुरीच्या कुटारासोबत द्यावेत, नाहीतर जनावरास पातळ शेण होते. काटेरी फडा अडचणीच्या वर्षी देण्याचा प्रसंग आला तर काटे व कुसळे जाळावर पूर्ण जाळल्यावाचून गव्हाणीत टाकू नये.

सोललेल्या साली उकिरड्यावर फेकू नयेत. त्या खतातून शेतात जातात आणि निंदणाऱ्या बायांच्या हातांत कुसळे भरतात. त्या चुलीत घालाव्यात.