भाकरी, पुस्तक आणि विश्वास

निवासी शाळेत लेकराला सोडून परत निघालेले आई-वडील फाटकापाशी हमखास थांबतात आणि एकदा मागे वळून पाहतात. त्या क्षणी त्यांना आमच्या पदव्यांशी कर्तव्य नसते. हा माणूस माझ्या लेकराला जपेल का, एवढाच प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. इतिहासाचा शिक्षक या नात्याने या प्रश्नाचा विचार करताना मला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय जीवन आठवते.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि सायंकाळी परत आणावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसेल, तर पाणीही नसे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवले आहे. जी शाळा मुलाला अक्षरे शिकवीत होती, तीच त्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ हेही रोज शिकवीत होती.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी भीमरावांना देत. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींचे लक्ष गेले. भीमराव त्यांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. तरीही गुरुजींनी त्यांना पुस्तके पुरविली. १९०७ साली ते मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यासही हातभार लावला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर एका शिक्षकाने दिलेले ते पुस्तक आहे.

हे सारे वर्गात शिकविणाऱ्या माझ्याही हातून चूक घडली. अनेक वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका मुलाचे पैसे हरवले. पुरेशी चौकशी न करता मी सहावीतील एका मुलाची पेटी सर्वांसमोर उघडायला लावली. दोन दिवसांनी ते पैसे हरवलेल्या मुलाच्याच वहीच्या कव्हरात सापडले. अपमान सर्वांसमोर झाला होता, म्हणून सकाळच्या वंदनेनंतर मी सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. तो काहीच बोलला नाही. वर्गात उत्तरासाठी त्याने पुन्हा हात वर केला, तो तीन महिन्यांनी. विश्वास गमावण्यास एक क्षण पुरतो; तो परत मिळविण्यास एक सत्रही अपुरे पडते, हा धडा मला त्या मुलाने दिला.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळीत आलो आहे. मुलांच्या पंगतीत बसून तेच अन्न घ्यावे. चूक एकांतात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे. दिलेला शब्द लहान असला तरी पाळावा. शिक्षकाला अडचणीत आणणारा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला दटावू नये. कारण प्रश्न विचारण्याचे धैर्य विश्वासातूनच येते.

पालकांनीही ‘थांब, गुरुजींना सांगते’ असा धाक मुलांना घालू नये. ज्याचे भय वाटते, त्याच्याजवळ मूल मन मोकळे करीत नाही. आणि माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाला यावे, तेव्हा व्यासपीठावरून उतरून घटकाभर वसतिगृहातही बसावे. येथे अजूनही एखादे मूल पहिल्या रात्री पांघरुणाखाली रडत असते. ‘मीही याच खोलीत रडलो होतो,’ हे त्याला तुमच्याइतक्या विश्वासाने दुसरा कोणीही सांगू शकणार नाही.