आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी

मुक्त स्रोत प्रकल्पात पाठवलेला बदल चुकला, तरी सावरायला वाव असतो. पुल रिक्वेस्ट आधी कोणीतरी वाचते, चाचण्या चालवते, सुधारून आणायला सांगते. बदल छोटा आणि एकाच कामापुरता ठेवावा, मोठा असल्यास आधी विचारून घ्यावे, एवढे पथ्य पुरते. आवृत्ती प्रसिद्ध करणे हे काम निराळे. एकदा बाहेर पडलेली फाईल परत घेता येत नाही.

प्रस्तुत लेखकाने आपल्या पायथन लायब्ररीची पहिली आवृत्ती रात्री घाईने पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर चढवली. सर्व्हरचे टोकन असलेली फाईल गिटच्या इग्नोर यादीत होती, त्यामुळे रेपॉझिटरी स्वच्छ दिसत होती. पॅकेज मात्र कामाच्या फोल्डरमधून बांधले गेले आणि ती फाईल त्यात गेली. दुसऱ्या दिवशी हे लक्षात आल्यावर आवृत्ती पुसण्यातच वेळ गेला. खरे तर आधी टोकन रद्द करायला हवे होते. प्रती तोवर इतरांकडे पोचलेल्या असतात. पुसलेल्या फाईलचे नावही पायपीआय पुन्हा वापरू देत नाही, म्हणून दुरुस्ती पुढचा क्रमांक देऊनच करावी लागते.

रेपॉझिटरी आणि प्रसिद्ध झालेली फाईल एकच असते, हा समज घातक आहे. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती.

आवृत्ती काढून टाकण्यानेही इतरांचे नुकसान होते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढले गेले आणि त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड बंद पडले. नंतर एनपीएमने पॅकेज काढण्यावर निर्बंध घातले. सदोष आवृत्तीसाठी पायपीआयवर ‘यँक’ची सोय आहे: फाईल जागेवर राहते, पण नेमका तोच क्रमांक मागितल्याशिवाय इन्स्टॉलर ती निवडत नाही.

लायसन्सची फाईल पहिल्याच आवृत्तीत हवी. ती नसेल तर कोड सर्वांना दिसतो, पण वापरण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही.

बांधलेले पॅकेज चढवण्यापूर्वी रिकाम्या फोल्डरमध्ये उघडावे आणि आतल्या फाईलींची यादी ओळीने वाचावी. सरावासाठी टेस्ट पायपीआय आहे, मात्र ही तपासणी तिथे चढवण्याआधीही करावी. तेही सार्वजनिकच आहे.