पहिली गिटार घेताना

परीक्षा संपल्या की रायपुरात तात्यापाऱ्यापासून समता कॉलनीपर्यंतचे आईबाबा मला एकच प्रश्न विचारतात : 'गिटार मागतोय. घेऊन देऊ, पण पुढे काय?' पुढचं दोन वर्षांनी कळेल. ती दोन वर्षं मूल वाजवत राहील का, हे मात्र पुष्कळसं पहिल्या गिटारवर ठरतं.

गेल्या उन्हाळ्यात आठवीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. चार महिने क्लास झाला होता आणि 'याला जमत नाही' असं वडिलांचं मत पक्कं झालं होतं. मी त्याची गिटार घेतली. बाराव्या फ्रेटवर तार चार मिलिमीटर वर! एफ कॉर्ड मलाही धड दाबता येईना. मुलाच्या बोटांवर तारांचे वळ उठले होते. माझी गिटार त्याला दिली आणि तीच कॉर्ड स्वच्छ वाजली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी तार आणि फ्रेट यांच्यातलं हे अंतर बघा. स्टीलच्या तारांना ते अडीच मिलिमीटरच्या आसपास हवं, नायलॉनला थोडं जास्त चालतं. मग मोबाइलवरचा ट्यूनर लावून तार मोकळी वाजवा, नंतर बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्हीकडे तोच सूर यायला हवा, फक्त एक सप्तक वर. तो बेसूर येत असेल तर रंग कितीही चकचकीत असो, गिटार ठेवून द्या. अशा वाद्यावर मुलाचा कानही बिघडतो.

दहा वर्षांखालच्या मुलाला थ्री-फोर्थ आकाराची, नायलॉन तारांची गिटार द्या. मोठ्यांनी जे वाजवायचं आहे त्याप्रमाणे घ्यावी. रॉकचं वेड असेल तर सुरुवातच इलेक्ट्रिकवर केली तरी बिघडत नाही. तिच्या तारा बोटांना हलक्या जातात, फक्त अ‍ॅम्पचा खर्च वाढतो. दहा हजारांच्या आतबाहेर चांगली अकुस्टिक मिळते. त्याहून महाग आत्ता नको.

रायपूरकरांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, घराघरात कूलर ओली हवा फेकतो आणि लगेच पावसाळा. अखंड लाकडाची फळी या ओढाताणीत तडकते, प्लायची टिकून राहते. त्यामुळे पहिली गिटार प्लायची असली तर कमीपणा मानू नका. कूलरसमोरच्या भिंतीवर ती टांगू नका आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. गोंद सैल होऊन ब्रिज उचलला जातो.

आता करिअर. 1956 पासून आपल्या खैरागढला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. संगीताची पदवी घ्यायची तर ते दार जवळच आहे. पाश्चात्त्य वादनासाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा असतात, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत. 2000 साली 'मोर छैंहा भुंइया' हा चित्रपट चालला आणि छत्तीसगढी सिनेमाला बळ आलं. त्यातल्या गाण्यांना वादक लागतात. पण खरं सांगते, बहुतेक गिटारवादकांचं घर शिकवण्यावर चालतं. त्यात मान आहे, उत्पन्न मात्र सावकाश जमतं. म्हणून बारावीनंतरचं शिक्षण सोडू नका, आणि रोजचा अर्धा तास रियाजही सोडू नका.

त्या मुलाला नवी गिटार घ्यावी लागली नाही. कारागिराने गळ्यातला रॉड थोडा आवळला, सॅडल घासून तारा खाली आणल्या, हलक्या तारा चढवल्या. सध्या तो पहिल्या ग्रेडची तयारी करतोय आणि एफ कॉर्ड अजून जरा खरखरते.