भातखाचरातील लांडगा कोळी

आषाढात भाताची लावणी आटोपली, की खाचरातील गढूळ पाणी हळूहळू निवळते आणि रोपे ताठ उभी राहतात. वरवर पाहणाऱ्यास तेथे पाणी, चिखल व हिरवी पाती यांवाचून काही दिसत नाही. परंतु बांधावर उकिडवे बसून कोणी थोडा वेळ स्तब्धपणे पाहील, तर एक तपकिरी ठिपका एका चुडापासून दुसऱ्या चुडापर्यंत पाण्यावरून सरसर धावत गेलेला त्यास दिसेल. हा भातखाचरातील लांडगा कोळी होय.

कोळी म्हटला की जाळे, अशी आपली समजूत असते. या कोळ्याला सूत काढता येते, पण भक्ष्य पकडण्यासाठी तो जाळे विणीत नाही. लांडग्याप्रमाणे तो भक्ष्याच्या मागावर राहतो व झडप घालून त्याला धरतो. म्हणून ग्रीक भाषेतील लांडगा या अर्थाच्या शब्दावरून त्याच्या कुळाला 'लायकोसिडी' हे नाव मिळाले. नाव शोभते खरे. मात्र लांडगे कळपाने हिंडतात आणि हा शिकारी नेहमी एकटा असतो.

या कुळात पुष्कळ जाती आहेत व बहुतेकींचा रंग मातीचाच असतो. मग त्यांतली नेमकी एक ओळखावी कशी? आधी कूळ ठरवावे. त्यासाठी भिंगातून कोळ्याचे तोंड समोरून पाहावे. त्याला आठ डोळे असतात व ते तीन ओळींत मांडलेले असतात. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर समोर रोखलेले दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मागे, डोक्याच्या माथ्यावर, आणखी दोन. ही मांडणी दिसली म्हणजे कुळाविषयी फारशी शंका उरत नाही. रात्रीच्या वेळी ओळख आणखी सोपी होते. विजेरी आपल्या डोळ्यांजवळ धरून प्रकाश बांधावर टाकला, तर या कोळ्यांचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात. कारण त्यांच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांप्रमाणे प्रकाश परतविणारा पडदा असतो.

आता जात पाहावी. खाचरातील या कोळ्याच्या मादीचे शरीर सुमारे एक सेंटिमीटर लांब असते. नर किंचित लहान असतो. शरीराच्या पुढील भागाच्या पाठीवर एक फिकट पट्टा असून त्यात बेचक्याच्या आकाराची खूण दिसते. पोटाच्या पाठीवर पांढुरके ठिपके असतात व पायांवर गडद कडी असतात. बेचके ही या कोळ्याची मोठी खूण. तरीही रंगावर सर्वस्वी विसंबणे बरे नव्हे, कारण एकाच जातीचे कोळी कमी-अधिक काळपट असू शकतात, आणि पिलांच्या अंगावरील खुणा अस्पष्ट असतात. म्हणून अभ्यासक शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकावर सोपवितात. प्रौढ मादीच्या पोटाखाली एक लहानशी कठीण चकती असते. तिचा आकार प्रत्येक जातीत निराळा असतो. १९०६ साली बोझेनबर्ग व श्ट्रांड या दोन अभ्यासकांनी जपानातील कोळ्यांची वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत या जातीचे वर्णन आले. तिचे आजचे शास्त्रीय नाव पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा असे आहे. एवढ्याशा जिवाला केवढे हे नाव!

मादी मात्र दुरूनही ओळखू येते. ती अंडी घालून ती सुताच्या पिशवीत बंद करते आणि ती पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून सर्वत्र वागविते. दुसऱ्या एका कुळातील कोळिणी आपली पिशवी जबड्यात धरतात, त्यामुळे येथे घोटाळा होत नाही. अंडी फुटण्याच्या वेळी मादी पिशवीची शिवण उसवते; साठ-ऐंशी पिले बाहेर पडतात आणि तिच्या पायांवरून चढून पाठीवर दाटीने बसतात. काही दिवस ती हे सारे बिऱ्हाड घेऊन धावते.

हा कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडे मारतो. त्यात तपकिरी तुडतुडे मोठ्या संख्येने असतात. हे तुडतुडे भाताच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतात. ते फार वाढले, की शेतात गोल गोल पट्टे करपून जातात. कोळ्याचा संचारही नेमका त्याच ठिकाणी असतो.

तुडतुडे दिसताच विषारी औषध फवारावे, असे कोणासही वाटेल. पण तुडतुड्याची मादी आपली अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालते. फवारणीने बाहेरचे तुडतुडे मरतात, कोळीही मरतात. अंडी मात्र वाचतात. आठवड्या-दीड आठवड्याने त्यांतून नवी पिले निघतात, तेव्हा त्यांना खाणारा कोणी उरलेला नसतो. कोळ्यांची संख्या पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो आणि तेवढ्या अवधीत तुडतुडे पूर्वीपेक्षाही वाढतात. अशा रीतीने औषधच रोगाला हातभार लावते.

भातावर जगणाऱ्या इंडोनेशिया या देशाला याचा कडू अनुभव आला. फवारण्या वाढल्या, तसे तुडतुडेही वाढले. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास मनाई केली. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा भरू लागल्या. वर्ग शेतातच भरे. शेतकरी चुडांजवळ वाकून प्रत्येक चुडातील तुडतुडे मोजीत व त्याच चुडातील कोळीही मोजीत. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदाच्या मध्यभागी भाताचे रोप काढीत. एका बाजूला पिकाचे शत्रू आणि दुसऱ्या बाजूला त्या शत्रूंचे शत्रू. त्या दुसऱ्या बाजूस आठ पायांचा लांडगा कोळी असे. चित्र पुरे झाले, की त्या आठवड्यात फवारणी करावी की नाही, याची चर्चा सुरू होई.