आजीबाईंचे ज्ञान आणि गावाची नोंदवही

‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग बहुधा घरगुती औषधांपुरताच वापरला जातो. वस्तुतः आजीच्या अनुभवाचे क्षेत्र त्याहून पुष्कळ विस्तृत आहे. बी कोणते राखावे, धान्य कसे साठवावे, पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी खुडावी, यांविषयीचे निर्णय घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घेत आल्या. हे ज्ञान चुलीपुढे आणि कणगीजवळ एका हातातून दुसऱ्या हातात गेले. ते लिहून ठेवलेले नसल्याने जाणती व्यक्ती गेली की तेही तिच्याबरोबर जाते.

बियाण्यांची राखण

वाल, चवळी, घेवडा यांचे बी राखण्याची घरगुती पद्धत पाहू. चांगल्या भरलेल्या शेंगा आधीच निवडून वेगळ्या ठेवावयाच्या. दाणे दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावयाचे. चाळलेल्या राखेत घोळवून मडक्यात भरावयाचे आणि मडक्याचे तोंड लिंपून बंद करावयाचे. यातील प्रत्येक कृतीला आधार आहे. दाण्यातील ओलावा कमी झाला की बुरशी व कीड यांना वाव राहत नाही. राखेने दाण्यांमधील पोकळी भरते, त्यामुळे भुंग्याला हालचाल करता येत नाही. शिवाय त्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो.

अशा राखणीचे मोल अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले. शालेय शिक्षण न लाभलेल्या या शेतकरी महिलेने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

हळदीचा धडा

जखमेवर हळद लावणे ही घरोघरची रीत. तरीही जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तेथील त्या काळच्या कायद्यानुसार परदेशात केवळ तोंडी प्रचलित असलेले ज्ञान पुरावा म्हणून पुरेसे नव्हते. ग्रंथ व नियतकालिके यांतील लिखित उल्लेख सादर करावे लागले. कोट्यवधी आज्यांचा अनुभव खरा होता, परंतु कामी आली ती नोंद.

पारख आवश्यक

जुने ते सर्वच सोने नव्हे. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध टाकून देण्याची प्रथा अनेक घरांत होती; प्रत्यक्षात तेच दूध अर्भकाला रोगप्रतिकारशक्ती देते. नाळेवर शेण किंवा राख लावल्याने धनुर्वाताचा धोका संभवतो. यास्तव औषधोपचारासंबंधीची प्रत्येक रीत वैद्यकीय तपासणीनंतरच स्वीकारावी. आदर आणि पारख यांत विरोध नाही.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम होय. ही नोंदवही कार्यालयात बसून भरली गेली, तर तिच्यात झाडांची नावे येतील; त्यांचा उपयोग जाणणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान येणार नाही.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. विद्यार्थ्यांनी आपापल्या आजीस वाणाचे स्थानिक नाव, पेरणीचा काळ, साठवणीची रीत आणि उपयोग विचारावा व तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. समितीने सांगणारीची संमती घेऊन तिच्या नावानिशी नोंद करावी. कृषी सहायक व आरोग्य कर्मचारी यांच्याकडून ती पडताळून घ्यावी. बियाण्यांची नोंद पेरणीपूर्वी झाल्यास त्याच हंगामात एखादा वाण शाळेच्या परसबागेत लावूनही पाहता येईल.

सभेस येणे वृद्ध स्त्रियांना नेहमीच जमते असे नाही. त्यामुळे नोंदवही त्यांच्या ओसरीपर्यंत नेणे हेच या कामातील पहिले पाऊल होय.