हप्ता बारा महिने, पगार अकरा

समाजशास्त्र घेऊन पुढे काय करणार, हे सगळे नातेवाईक विचारतात. शिकायला लागणारे पैसे कुठून आणायचे आणि फेडायचे कशातून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. हा विषय आवडत असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी कर्ज किती काढायचं याचा हिशेब आधी कागदावर मांडा.

पदवी स्वतः महाग नाही. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातलं बी.ए. आणि विद्यापीठाच्या विभागातलं एम.ए. बहुतेक घरांना झेपतं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या ज्या विभागात शिकवत, तो १९१९पासून चालू आहे. खासगी विद्यापीठात याच विषयाची फी वर्षाला लाखांत जाते. इमारत, वसतिगृह, नाव यांचे ते पैसे असतात, आणि सुरुवातीच्या पगारात ते परत येतील असं धरून चालू नका.

सरकारी विभागात शिकताना खरा खर्च होतो तो राहण्याचा. पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि मेस मिळून फीच्या कितीतरी पट जातात. म्हणून प्रवेशअर्जासोबतच वसतिगृहाचा अर्ज टाका, ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करा आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर वेळेत फॉर्म भरा. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचं एम.ए. आहे. ते नेट परीक्षेलाही चालतं.

आता कर्ज. दोन वर्षांच्या एम.ए.साठी दर वर्षी २ लाख असे ४ लाख घेतले आणि व्याज १० टक्के आहे, असं धरू. शिक्षणाचा काळ आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. सरळव्याजाने पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचे ६० हजार आणि दुसऱ्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज ५ लाख झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे ८,३०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ५,३७५च्या आसपास येतो, पण एकूण परतफेड ९ लाख ६७ हजारांवर जाते. शिकत असतानाच व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना १,६६७, नंतर ३,३३३) तर सात वर्षांचा हप्ता ६,६४०वर थांबतो. घरून एवढी मदत होत असेल तर ती इथेच मागा.

कमाईकडे बघताना जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्वयंसेवी संस्थेतल्या प्रकल्प समन्वयकाची जाहिरात साधारण अशी असते: एम.ए. किंवा एमएसडब्ल्यू, मराठी-इंग्रजीत अहवाललेखन, स्वतःची दुचाकी आणि परवाना, आणि सर्वांत खाली ‘११ महिन्यांचा करार’. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं त्याहून अवघड, कारण सुट्टीत तासच नसतात. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने जातो. हातात महिना २० हजार पडतात असं धरलं तर अकरा महिन्यांचे २ लाख २० हजार होतात आणि वरचा ८,३००चा हप्ता त्यातले जवळपास १ लाख घेऊन जातो. शहरात राहून हे निभत नाही.

माझ्या मते हप्ता बारा महिन्यांवर पसरलेल्या कमाईच्या सहाव्या भागाहून जास्त नसावा. वरच्या उदाहरणात तो सुमारे ३,१०० बसतो, म्हणजे मुळात कर्ज दीड लाखाचं. त्याहून जास्त लागत असेल तर कॉलेज, शहर किंवा राहण्याची सोय बदलून बघा.

जास्त कमाईच्या वाटाही आहेत. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार मिळतात. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. या जागा थोड्या आहेत, म्हणून त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नका. एम.ए. करतानाच सर्वेक्षणाची प्रश्नावली, नमुना निवड, एक्सेल आणि एसपीएसएस शिकून घ्या. मुलाखतीत दाखवायला निदान एक पूर्ण केलेला अहवाल हाती हवा. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर बी.एड.चा खर्चही आजच हिशेबात धरा.

सरकारी सवलतींत एक खाच आहे. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांची, हप्ते सुरू होईपर्यंतची पूर्ण व्याजमाफी तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साध्या एम.ए.ला नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. मात्र तुमची शिक्षणसंस्था योजनेच्या यादीत हवी आणि दरवर्षीचे लाभार्थी मर्यादित आहेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी सूट फक्त जुन्या करप्रणालीत चालते आणि २० हजार पगारावर मुळात करच लागत नाही.

मंजुरीपत्रावर सही करण्याआधी बँकेत बसूनच विचारा: शिक्षणकाळातलं व्याज सरळ की चक्रवाढ, दर बदलता की स्थिर, विमा सक्तीचा आहे का, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत असतील तर पतहमी योजनेचं नाव घ्या. सहकर्जदार म्हणून आई-वडिलांची सही असते, त्यामुळे हप्ता चुकला की सिबिल त्यांचंही बिघडतं. करार संपत आला आणि पुढची नोकरी ठरली नसेल, तर हप्ता चुकण्याची वाट न पाहता महिनाभर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.